मालतीबाईंची विचारपूस

मालतीबाई गेल्याचं पोस्टकार्ड तीन आठवड्यांपूर्वी आलं. त्यांच्या बहिणीनं पाठवलं होतं. वाचून रडू आलं नाही... आधी मनात आलं, माझा पत्ता यांच्याकडे कसा?

गोवा मुक्त झाला त्या वर्षी त्या पहिल्यांदा बेलापूरला आल्या. तरुण मुलांना सार्वजनिक वाचनालयात काय अनुभव येतो, ते त्या गावोगाव विचारत आणि आमचं बोलणं जसंच्या तसं वहीत उतरवून घेत. मी शेजारच्या दिवाळे गावची, कोळ्याची मुलगी, सोळा वर्षांची. आमच्याकडे कुणाचाच त्यांच्यावर विश्वास बसला नाही. "बाय, तिला कायपन सांगू नको," बाबा म्हणाले. "फुकट कोन कुनाचं लिवून घेतं? सरकारची मानूस हाय ती." मीही महिनाभर 'सगळं छान आहे' एवढंच सांगत राहिले. त्या मान डोलावत आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत. शेवटी एकदा बोलून गेले... ग्रंथपाल मला आत घेत नाहीत. अंगाला मासळीचा वास येतो म्हणतात, पुस्तक खिडकीतूनच देतात.

आठवड्याच्या आत ग्रंथपालांनी खिडकीही बंद केली. "बाहेरच्या बाईकडे चुगल्या करतेस?" मालतीबाईंनी वाचनालयाच्या समितीपुढे विषय काढला होता. "मी तुझं नाव घेतलं नाही गं," त्या मला म्हणाल्या. "पण दिवाळ्याहून येणारी मुलगी तू एकटीच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुकलं माझं." मी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. पुढे शिकले, ठाण्याला शिक्षिका झाले. तरी आपलं बोलणं कुठल्या कचेरीत कोण वाचत असेल, हा संशय काही गेला नाही.

परवा त्यांच्या दादरच्या घरी गेले, ते खरं तर त्यासाठीच. बहिणीला सरळ विचारलं, त्या वह्यांचं काय झालं?

"जाळल्या तिनं," त्या म्हणाल्या. "आणखी कुणी ओळखू आलं तर, अशी धास्ती घेतली होती. कामही सोडलं. तुमचा पत्ता मात्र शोधून ठेवला होता. पत्र लिहायला बसायची आणि उठायची."

आतल्या खोलीत चाळीतल्या मुली शाळेतून येऊन मालतीबाईंच्या कपाटातली पुस्तकं काढत होत्या. बाई गेल्या, तरी मुलींचं येणं थांबलेलं नव्हतं. एक जण चक्क त्यांच्या पलंगावर पालथी पडून वाचत होती. मीही कुणाला न विचारता एक पुस्तक काढलं आणि तिच्या शेजारी बसले.