चिबडातली येळवस

इंग्रजीत पाणथळ जमिनीला बॉग म्हणतात. हायस्कूलला इंग्रजी शिकवते म्हणून हा शब्द मी कोशात मुळापासून वाचला. तो इंग्रजांचा नाहीच, आयर्लंडच्या लोकांचा आहे. त्यांच्या भाषेत त्याच्या मुळाचा अर्थ मऊ. ज्यांची जमीन होती त्यांनी तिला मऊ म्हटलं. इंग्रजांनी त्याच शब्दाचा अर्थ रुतून बसणं असा केला, आणि बोलण्यात तर संडासालाही तेच नाव दिलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मला राग आला, कारण माझ्याकडेही तसलीच जमीन आहे. अणदूरच्या अलीकडे, पाझर तलावाच्या बांधाखाली. खरा बॉग थंड मुलखातला, आमच्याकडे चिबड. वडिलांमागे मी हक्कसोडीवर सही केली नाही, तेव्हा थोरल्या भावानं, दादानं, हसत हसत हे चिबड माझ्या वाट्याला टाकलं. तिथं ज्वारी उभी राहत नाही. पण भर उन्हाळ्यात सगळं शिवार करपलं तरी तिथं गवत हिरवं असतं, गावातल्या बाया भारे कापून नेतात, कडेला आळू माजतो. मला ते रान फार आवडतं. सातबारा माझ्या नावावर असूनही गाव मात्र त्याला थोरल्याचंच चिबड म्हणायचं.

गेल्या हिवाळ्यात दादानं ठरवलं, चिबडात मुरूम टाकून प्लॉट पाडायचे. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी टिपर येणार होता.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे घरं ओस पडतात. ज्याचं रान तो आपल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालतो, चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतो आणि येईल त्याला मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील वाढतो. ज्या रानात येळवस नाही ते पडीक, असाच हिशोब. आमची भावकी दरवर्षी दादाच्या रानात जेवायची.

त्या वर्षी मी कोप चिबडात घातली.

“तिथं कुठली येळवस? पांडव बुडत्याल की,” दादा म्हणाला.

“बुडू द्या. माझे हायेत,” मी म्हणाले.

कोपीचा एक खांब रुतला, तिथं दगड घातले. मी घरोघर आवतण दिलं होतं, आणि येळवशीचं आवतण आमच्याकडे कुणी मोडत नाही. लोक चपला हातात घेऊन, हसत, घोट्याएवढ्या चिखलातून आले आणि पोटभर जेवले. थोरला भाऊ आला नसता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं, म्हणून दादाही आला.

जेवणं झाली की घरातला कर्ता पुरुष रानाभोवती आंबील शिंपडतो. मी तांब्या दादापुढं धरला. “तुमी थोरले. शिंपडा. पण शिंपडलं की हे रान झालं. मग उद्या मुरूम कुणाच्या रानात टाकताव, ते इथंच सांगा.”

दादानं तांब्या घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली ठेवला.

“पाय रुतत्यात,” तो म्हणाला.

मी पदर खोचला आणि तांब्या उचलला. बाईमाणसानं आंबील शिंपडलेली आमच्या गावानं पाहिली नव्हती. ती त्या दिवशी पाहिली. चिखल पोटरीपर्यंत आला. घाई केली नाही. पूर्ण फेरा घातला.

दुसऱ्या दिवशी टिपर बांधापर्यंत आला. मी वाटेत आडवी उभी राहिले. ड्रायव्हर वैतागला. माझ्याकडे न बघता त्यानं गवत कापणाऱ्या बायांना विचारलं, “रान कुणाचंय ओ हे?”

त्यांच्यातली एक विळा घेऊन उभी राहिली. काल ती माझ्या कोपीत जेवली होती.

“ह्या बाईचं,” ती म्हणाली. “तिलाच इचार.”