लवू तारी आणि उशीर मोजणारं यंत्र

लवू तारी आमच्या खाडीत चाळीस वर्षं होडी वल्हवतो. पलीकडच्या वाडीतली अकरा पोरं त्याच्याच होडीतून शाळेत येतात, त्यात त्याची नात रिया. दर पंधरवड्याला तीन-चार दिवस शाळेच्या वेळेलाच ओहोटी पडते, होडी मधल्या पुळणीवर टेकते आणि पाणी चढेपर्यंत पोरं होडीतच पाढे म्हणत बसतात. हे गावात सगळ्यांना ठाऊक. जुन्या बाई त्या दिवशी हजेरीच दुसऱ्या तासाला घ्यायच्या.

मग पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने पोरांच्या गळ्यात चिपवाली ओळखपत्रं अडकवली आणि फाटकावर यंत्र बसवलं. बाईंनी वर्गात हजेरी घेणं बंद. वर्षभराचे उशीर गोळा करून यंत्राने होडीतल्या अकराही पोरांच्या, म्हणजे रियाच्याही, नावापुढे लाल शेरा मारला: शाळा सोडण्याची शक्यता. वर्गात पहिली येणारी पोर ही. शिष्यवृत्तीच्या जादा वर्गातून तिचं नाव कापलं.

पालकसभेला कंपनीचा विनीत आला, कुडाळ स्टेशनावरून भाड्याची गाडी करून. लवू उभा राहिला.

“साहेबानू, खाडीतला पाणी कधी ओसरता, ता तुमच्या यंत्राक कोणी सांगितला काय?”

“काका, सिस्टीम कारण बघत नाही, पॅटर्न बघते.”

“मगे होडी काय पॅटर्नान ढकलू?”

सभा हसली. विनीतने उपाय काढला: मनगटाला पट्टा बांधू, घरापासूनची सगळी वाट नोंदली जाईल.

“आणि शाळा सुटल्यावर?”

“चालूच राहतो. डेटा जितका जास्त, तितकं चांगलं.”

“म्हंजे माझी नात खंय खेळता, खंय बसता, ता तू पुण्यात बसान बघतलस. तुझ्या पोटच्या चेडवाक बांधलस काय रे पट्टो?”

विनीतने लॅपटॉप मिटला. मुख्याध्यापिका दीपिकाबाई पुटपुटल्या, “वरून आदेश आहे.” डी.एड. झालेल्या बाईला समोरची पोर दिसत नाही, पडद्यावरचा लाल ठिपका दिसतो.

लवूने पट्टा घेतला नाही. त्याची बहीण सावित्री फाटकासमोरच राहते. आता शाळा सुटली की अकराही ओळखपत्रं तिच्या खुंटीला लागतात. सकाळी दहाला ती एकेक यंत्राला दाखवून येते. यंत्र खूश. गेल्या महिन्यात रिया आठवडाभर तापाने अंथरुणात होती, नेमक्या त्याच आठवड्यात तिचा शेरा हिरवा झाला आणि नाव यादीत परत आलं. कंपनीने अहवालात ते आपलं यश म्हणून छापलंय.

मी म्हटलं, “लवू, जिंकलास की.”

तो होडीतलं पाणी उपसत होता. “जिकलंय कसला. चाळीस वर्षां कोणाक फसवलंय नाय. आता भैनीक रोज फसवूक लावतंय.”