हार्लेमच्या फुटबॉलवाल्या काकांचा रेडिओ

किस्से म्हणजे धुण्यासारखे. रोज एकेक टाकत जावं आणि रविवारी बघावं तर ढीग! आमच्या नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या मराठी रेडिओचे असेच साठलेत.

रेडिओ इंटरनेटवरचा, शनिवारी सकाळी तासभर. मॅनेजर पाटीलकाका. कोल्हापूरला त्यांच्या कॉलेजची पहिली फुटबॉल टीम निघाली, तिच्यात ते होते. पुढं पुण्यात रेडिओचे मॅनेजर झाले. रिटायर होऊन मुलाकडे इथं आले, आणि मुलाच्या सायकलींच्या खोलीतल्या सायकली बाहेर पावसात काढून तिथं स्टुडिओ केला!

मला हवामान वाचायला बोलावलं. म्हटलं, "काका, मी सातवी शिकलेली."

"शाळेचं कुणी विचारलंय पोरी? दम टिकतो का सांग."

भीतीनं मी सगळं हवामान एका दमात वाचलं. काका म्हणाले, "अगं, हाफ टाइम तरी घे की!"

जास्त इंग्रजी बोललं की काका पिवळं कार्ड दाखवतात. आयटीतला हर्षद दर वाक्याला 'बेसिकली' म्हणायचा. एक पिवळं झालं, दुसऱ्याला लाल. काकांनी त्याला चालू कार्यक्रमातून बाहेर काढला. मुलाखत त्याचीच होती!

माझी मीरा तिथंच कोपऱ्यात बसायची. तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले आपले नेहमीचे डॉक्टर, म्हणाले, "कान चांगले आहेत, वाट बघू." शेजारीण म्हणाली, "घरात डचच बोला."

काका म्हणाले, "गोलकीपर आहे ती. नुसतं बघतीय."

मी चिडले. "काका, हा खेळ नाही हो!"

पुढच्या शनिवारी त्यांच्या खुर्चीशेजारी एक बुटकी खुर्ची होती, आणि छोटे हेडफोन.

गेल्या शनिवारी पाहुणे आले नाहीत. काकांनी कॉलेजच्या फायनलमधला आपला गोल सांगायला घेतला. लाइव्ह! आधी मैदान, मग चिखल, मग रेफ्रीचं गाव. बराच वेळ झाला तरी चेंडू मधल्या रेषेवरच.

मीरानं हेडफोन काढले. म्हणाली, "पुरे!"

स्पष्ट. मराठीत. माझ्या हातातले कागद खाली पडले.

काका थांबले. मग माइकमध्ये म्हणाले, "श्रोतेहो, स्टेशनचे मॅनेजर बदलले आहेत." आणि माइक खाली तिच्यापुढं धरला.

मीरानं माइककडे बघितलं. मग काकांकडे.

"गोल?"