एजिनाची माणसं

सुदामचा उजवा अंगठा गेला तो सापडलाच नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तो पॉवर प्रेसवर होता, पत्र्याचे वॉशर पाडायचा. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा पंच खाली येतो, म्हणजे त्या वेळी हात आत असूच शकत नाही. पण असं केलं की माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझरने एकेक बटण तारेने कायमचं दाबून बांधून टाकलेलं. सगळ्याच मशीनांची बांधलेली. एक हात बटणावर, एक हात पंचाखाली, आणि पोरं झोपेत असल्यासारखी चालू.

अंगठा गेला तेव्हा शेजारच्या मशीनवरचा ओरडला, "शोधा रे, बर्फात घालून नेऊ." पोरांनी भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले. वॉशरच वॉशर. शेवटी सुपरवायझर म्हणाला, "चला, मशिनी चालू करा. तो काय आता उगवणाराय?"

ईएसआयच्या दवाखान्यातल्या कागदांवर अंगठ्याला इंग्रजीत काय म्हणतात आणि कापण्याला काय म्हणतात, ते सुदामला पाठ झालं. दहावीला इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्लेला गडी, पण हे दोन शब्द कुठेही दिसले असते तरी त्याने ओळखले असते. चौकशीत तारेचा विषय निघाला नाही. कामगाराचं लक्ष नव्हतं, असं ठरलं. सुदामलाही पुढे पुढे वाटायला लागलं, की नसेलच आपलं लक्ष.

मग तो घरी बसला. अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्या, त्यात आई विठा, बायको काशी आणि हा. काशी बदलापूरला मसाल्याच्या पॅकिंगला जायला लागली. ती गेली की हा भांडी घासायचा, तीही डाव्या हाताने, आणि नळावरच्या बाया मान वेळावून बघायच्या. "काय सुदामभाऊ, आराम का?" विठाची जीभ तर कोयत्यासारखी. "बायकोच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा झालास बाबा. ती हलली की तू वाजतोस." असं तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. दारावर कोणी आलं की मोरीत जाऊन उभा राहायचा.

वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी पोरांना फुकट टायपिंग शिकवत. काशीने त्याला तिथे अक्षरशः ढकललं. "पोरांच्यात बस, लाज वाटली तर वाटू दे. पण हा मोरीतला मुक्काम हलव." तो शिकला. आणि नशीब बघा, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये पडद्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक डाटा एन्ट्रीचं ऑफिस होतं, तिथे चिकटलाही.

तिथला सुपरवायझर जयदेव. पातळ मिशी, खिशाला दोन पेनं, जिभेवर सतत काहीतरी झणझणीत. त्याने सुदामचा हात उचलून दिव्याखाली धरला, बाजारात वांगं बघावं तसा.

"स्पेस कशाने मारणार?"

"डावा आहे ना सर."

"कमाल आहे. लोक अंगठाछाप असतात, याच्याकडे तेवढाही माल नाही." सगळे हसले. सुदामही हसला. नाव पडलं, अंगठ्या.

पण अंगठ्याचं काम चोख निघालं. उजव्या हाताला घाई जमत नसे, म्हणून चूकही जमत नसे. वर्षभरात जयदेव त्याची पानं नवीन पोरांना दाखवायला लागला. सुदाम सहा सीटर रिक्षातून ताठ मानेने उतरायचा. नळावरच्या बायांना आता तोच विचारायचा, "काय, पाणी आलं का?" विठाही गप्प झाली. एवढ्या एका नोकरीने तो मोरीतून बाहेर आला होता, आणि परत मोरीत जाण्यापेक्षा त्याने कल्याणच्या खाडीत उडी मारली असती.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर फॉरेनचं मोठं काम आलं. जुनाट, विटेएवढा जाड लॅटिन-इंग्रजी कोश. तो अख्खा टाइप करून द्यायचा. जयदेवने सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं.

"हे लॅटिन. मेलेली भाषा. घरात बोलणारा एक माणूस उरलेला नाही. तेव्हा काय लिहिलंय याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. वाचायचं नाही! दिसेल ते मारायचं. वाचणारा चुकतो. डोकं म्हणतं पुढे अमुक असणार, आणि बोट ते मारून मोकळं होतं. मला गाढवं पाहिजेत. हुशार असतील त्यांनी खाली जाऊन पडदे विकावेत."

कामाची पद्धत अशी. एकाच पानाची झेरॉक्स दोघांना द्यायची. दोघांनी आपापलं टाइप करायचं, एकमेकांचं बघायचं नाही. मग मशीन दोन्ही पानं ताडून बघतं. जिथे फरक निघेल तिथे जयदेव मूळ पान काढून चूक कोणाची ते ठरवणार. "हे पहिलं ए अक्षर म्हणजे परीक्षा," तो म्हणाला. "ए संपलं की प्रत्येक जोडीतला एकच ठेवणार. दुसऱ्याला जय महाराष्ट्र. मग उरलेल्यांच्या नव्या जोड्या."

सुदामच्या जोडीला चंदर आला. पालेगावचा. गावाची शेतं बिल्डिंगांखाली गेली आणि चंदर कॉम्प्युटरवर आला. त्याचं लग्न जमलेलं, तेही पोरीच्या बापाने "जावई कंपुटरवाला" म्हणून पसंत केल्यामुळे. नोकरी गेली की पोरगी गेली, हे तो स्वतःच सांगायचा. बोट चपळ, पण चुका ढीगभर. मधेमधे ग्रीक अक्षरं येत, त्या प्रत्येकासाठी ठरलेला कोड मारायचा; ते सगळे कोड फक्त सुदामला पाठ. पहिल्या आठवड्यातच दिसलं, की अंगठ्या राहणार आणि चंदर जाणार.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. इन्व्हर्टर फक्त शेठच्या केबिनला. एका दुपारी लाइट गेली, स्क्रीन काळे झाले, आणि सुदाम झेरॉक्सचा कागद घेऊन खिडकीशी बसला. करायला काही नव्हतं म्हणून त्याची नजर कागदावर फिरली. आधी एजिना. एक बेट, अथेन्सच्या समोरचं. त्याखाली एजिनेटे, म्हणजे त्या बेटावरची माणसं. त्याखाली एजिनेन्सेस, म्हणजे तीच माणसं, लॅटिनवाल्यांनी त्यांना ठेवलेलं आणखी एक नाव. आणि तिथेच बारीक अक्षरात एक ओळ. त्या ओळीत त्याला दवाखान्यातले ते दोन शब्द शेजारी शेजारी दिसले.

त्याने ओळ बोटाने पुन्हा पुन्हा चाचपली, बाकीचे शब्द अडखळत जुळवले.

"चंदर, इथे ये. अंगठे."

"कोनाचे?"

"या बेटावरच्या लोकांचे. अथेन्सवाल्यांनी कापले. ठराव करून."

"ठराव? म्हंजे ग्रामसभा घेतली?"

"तसंच असेल. मीटिंग घेतली, हात वर केले."

"हात वर कराला अंगठा लागत नाय," चंदर म्हणाला आणि स्वतःच खिदळला. "पन कनाला कापले?"

"जहाजं चालवण्यात तगडे होते. म्हणून."

सुदामने कागद गुडघ्यावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "आमच्या बटणाची तार पण कुणीतरी ठरवूनच बांधली असणार. एकाची नाही, सगळ्यांची बांधलेली." इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदा तोंडाने बोलला. ऐकायला चंदर होता, पण तो ऐकत नव्हता. लाइट आली होती आणि तो जागेवर पळाला होता.

संध्याकाळी पानं ताडली. सुदामच्या त्या पानावर चुकाच चुका.

"काय रे अंगठ्या," जयदेव म्हणाला, "आज गाढवपणा विसरलास?"

चंदरने मान वर केली. एकदा सुदामकडे बघितलं, एकदा त्या पानाकडे. त्याला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने आपला अर्धा वडापाव सुदामपुढे धरला. "मंग? त्या अंगठेवाल्यांचा फुडं काय जाला? मना तर रातभर झोप नाय."

सुदामचा चेहरा उजळला. त्याला सबंध आयुष्यात कोणी "पुढे काय झालं" असं विचारलं नव्हतं. त्याने विहारातून इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली. टाइप करता करता तो ओळी वाचायला लागला, कुठे बेट येतंय का, जहाज येतंय का. चंदर रोज विचारी. "त्यांना देशोधडी लावली का? अथेन्सवाल्यांवर कोनी केस केली का?" सुदाम सापडेल ते सांगे, न सापडलेलं जोडून सांगे. चंदर मात्र स्वतःच्या कागदावर पट्टी आडवी ठेवून बसे, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी, आणि ती ओळसुद्धा न वाचता मारी. सुदामच्या चुका वाढत गेल्या, चंदरच्या उतरत गेल्या.

जयदेवला हे माहीत होतं. चंदरनेच त्याला हसत सांगितलेलं. "चालू दे," जयदेव म्हणाला. "मला एक गाढव पाहिजे. कुठलं ते तुम्ही बघा."

घरी काशीने ओळखलं. "हल्ली ते पुस्तक घेऊन बसता. कामाचं काय?"

"अगं, दोन हजार वर्षांपूर्वी माणसांचे अंगठे..."

"मेलेल्यांचे अंगठे मोजून जित्याला भाकर मिळते काय? तुम्हाला वाचू नका सांगितलंय ना?"

"चंदर विचारतो गं. मला कोणी कधी काही विचारलंय?"

"मी विचारते की. पगार कधी, ते." ती उठून गेली. मग दारातून परत वळली. "त्या चंदरला अंगठे दोन आहेत. एवढं ध्यानात ठेवा."

सुदामने ते सोडून दिलं. त्याला आता अथेन्सची वाट होती. ए अक्षराच्या शेवटाकडे अथेन्स येणार, हे त्याला कळलं होतं. एवढं करून कोणी मोकळं सुटत नाही, काहीतरी शिक्षा झालीच असणार, आणि ती अथेन्सच्या नावाखाली लिहिलेली असणार. शेवटच्या आठवड्यात ते पान आलं. एजिनाला काही ओळी होत्या. अथेन्सला जवळजवळ अख्खा रकाना. मोठं नगर, विद्येचं माहेर, कलेचं, शहाण्यासुरत्यांचं. सुदामने तो रकाना वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. अंगठा कुठेच नव्हता. टाइप करताना त्याची बोटं कुठे आणि डोळे कुठे. तीन ओळी सबंध गळल्या, त्याला पत्ता लागला नाही.

शनिवारी जयदेवने जोड्यांचा निकाल लावला. "चंदर राहील. अंगठ्या, टेबल मोकळं कर."

"सर, एक अक्षर द्या अजून. नाही वाचणार. आईशप्पथ नाही वाचणार."

"अरे, एकदा वाचायला लागलेला परत गाढव होत नाही. याला विचार." जयदेवने पेनाने चंदरकडे दाखवलं. "याच्या लक्षात आलं आणि याने तुला रोज चारा टाकला. वडापाव काय उगाच खाल्लास?"

सगळे हसले. या वेळी सुदामला हसणं जमलं नाही. तो चंदरच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

"तू खरंच विचारत नव्हतास?"

चंदर कीबोर्डवरची धूळ पुसत होता. "पयल्या दिशी खरा इचारला व्हता," तो म्हणाला. मग पुसता पुसताच, "लगीन हाय रं माजा."

घरी विठाला त्याच्या तोंडावरूनच कळलं. डबा हातातून घेतला आणि मोरीकडे बोट केलं. भांडी सकाळपासून पडली होती. काशी रात्रपाळीला गेली, कारण रात्रपाळीला जास्त देत. जाताना सुदामकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं होतं." बस एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि दुसराही कुठला काढला नाही. आठवड्याभरात सुदाम दार वाजलं की मोरीत जायला लागला.

चंदरचं लग्न झाल्यावर एका रविवारी दार वाजलं. चंदर होता, हातात पेढे, काखेत झेरॉक्सची पानं. विठाने त्याला आत घेतलं, कारण पेढे होते.

"सुदामदादा," तो म्हणाला. दादा पहिल्यांदाच. "बी अक्षरान ग्रीक अक्षरा लय येतान. त्यांचे कोड फकस्त तुलाच पाठ व्हते. जयदेव बोंबलतंय. वायच सांगशील? मी तुज्यासाठी शब्द टाकतूं त्याच्याकडं."

काशी चूल पुसत होती. तिचा हात थांबला. शब्द टाकला जाणार नाही, हे तिला त्याच्या तोंडाकडे न बघताच कळलं. ती फडकं तसंच टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

सुदाम मोरीतून हात पुसत आला. सतरंजी अंथरली, पानं पसरली, चार बोटांत पेन्सिल धरली आणि एकेक कोड सांगायला बसला. चंदर मान डोलवत होता, घड्याळाकडे बघत होता. मधेच एका ओळीवर सुदाम अडकला. "हे बघ, इथे परत एक बेट आहे. याचं पुढे काय होतं माहितीय..."

"ते नको," चंदर म्हणाला. "कोड सांग."

सुदामने कोड सांगितला. सगळे सांगितले, विसरलेला एक आठवून परत सांगितला. चंदर पानं गोळा करून चपला घालायला लागला तसा हा त्याच्या मागे दारापर्यंत गेला. गल्लीत उजेड होता, नळावर बाया होत्या, तरी गेला.

"पुढच्या रविवारी येशील ना?" तो म्हणाला. "सीला आणखी अवघड येतील."