पुलापाशी उभे केलेले पाहुणे

आमच्या आख्नाशी गावाला लोक धबधबा बघायला येतात, आणि माझ्या पेगीआत्याचं त्यांच्याबद्दल मत फारसं चांगलं नाही. ते फाटक उघडं टाकतात म्हणून ती चिडतेच, पण त्याहून जास्त चिडते ती कुणी ‘किती शांत आहे हो इथे!’ म्हटलं की. “माणसं निघून गेली की शांतताच उरते, बाई,” असं एकीला तिने तोंडावर सुनावलं. ती बाई बिचारी हसली. तिला वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे.

म्हातारी चौऱ्याहत्तर वर्षांची. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही आणि कुणाचं ऐकलं असेल तर शपथ. डोंगर आमच्या सगळ्यांचा सामायिक, त्यावरची मेंढरंही. कुंपण कुठेच नाही. आपली हद्द कुठवर, हे कोकराला त्याची आई दाखवते, आईला तिच्या आईने दाखवलेलं असतं. असा कळप एकदा विकला की संपलं. बाजारातून नवी मेंढरं आणा, महिन्याभरात ती शेजारच्या खोऱ्यात गेलेली असतात.

आणि तोच कळप विकायला मी निघालो होतो. जुलैत लोकर कातरायला मेंढरं खाली आणायची तर चौदा माणसं लागतात, आम्ही उरलो होतो पाच. गेल्या वर्षी अर्धा कळप पुलावरून पलीकडे पळाला, तो गोळा करण्यात नऊ दिवस गेले. यंदाही तसंच झालं तर विकायचा, असं मी आणि शेजारच्या मर्डोने ठरवून टाकलं.

“होऊ दे तर खरं,” आत्या एवढंच म्हणाली.

कातरणीच्या शनिवारी मर्डो, त्याच्या दोन्ही लेकी, कुत्री आणि मी मेंढरं हाकत उतरू लागलो. खाली बघतो तर पुलापाशी पाहुण्यांच्या पंधरा-वीस गाड्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता मेंढरं बिथरणार आणि सरळ पलीकडे जाणार.

पण गाड्यांत कुणीच नव्हतं. पुलापासून मेंढवाड्याच्या भिंतीपर्यंत ती सगळी माणसं हात पसरून रांगेत उभी होती, आणि समोरून आत्या काठी घेऊन फिरत होती. तिचा आवाज निम्म्या डोंगरावर येत होता.

“तो फोन खिशात घाल! मेंढरू अंगावर आलं तरी हलायचं नाही.”

“आजी, चावतं का हो ते?” एक धिप्पाड गडी विचारत होता.

“गवत दिसलास तर चावेल.”

आमच्याकडे मेंढवाड्यापाशी रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही. पाद्री आला तरी त्याला बाह्या सरसावाव्या लागतात. हा नियम पाहुण्यांना लावायचं मात्र आजवर कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना पाहुणे समजत होतो ना!

एकही मेंढरू पुलावर गेलं नाही.

मग जो राबला तो जेवला. आत्याने मटणाच्या सूपमध्ये दोनदा पाणी वाढवलं आणि सगळ्यांना वाढलं. मी पहिली मेंढी मांडीत घेऊन कातरायला बसलो. मनातून मला आनंद झाला होता, पण तोंड गप्प बसेना.

“आत्या, ही माणसं उद्या घरी जाणार. पुढच्या वर्षी काय?”

ती त्या धिप्पाड गड्याकडे वळली. “जुलैचा दुसरा शनिवार. येशील?”

“माझ्या भावालाही आणतो,” तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला. शेजारच्या दोघीतिघींनी तारीख लिहून घेतली.

“ऐकलंस? आता विकायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” आत्या मोठ्याने म्हणाली. मर्डो सूपच्या वाडग्यात बघत बसला. मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

माझे दोन्ही हात लोकरीत होते. एक मोकळा करता आला असता. मी नाही केला.

“मग थांबलास काय? कातर.”