माळ्यावर ठेवलेला आवाज

पाणी दारातनं आत आलं तेव्हा माझ्या कडेवर पोर होतं नि दुसऱ्या हातात आमच्या रेडिओ केंद्राची काळी डबी, हार्ड डिस्क म्हणतात ती. सगळ्यांचे आवाज तिच्यातच. लाईट गेलेली, केंद्राचे सर फोनवर ओरडत होते, खुणेच्या वर ठेव नि निघ. पाणी घोट्याला, लगेच गुडघ्याला, पोर किंचाळतंय, मला काय सुचेना.

खूण म्हणजे आधीच्या मोठ्या पुराची रेघ. महाडच्या बाजारात घरोघरी भिंतीवर हाय. पाणी येणार म्हटलं की सामान त्या रेघेच्या वर, माळ्यावर चढवायचं नि बाहेर पडायचं, सगळे तेच करतात. बाहेर नेली असती तर डबी भिजली असती. मी स्टुलावर चढले, डबी पिशवीत गुंडाळून माळ्यावर पार मागं सारली नि पळाले.

आमचा रेडिओ म्हणजे बाजाराच्या मागं दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. शाळेतनं रिटायर झालेल्या सरांनी तो काढला. मी आठवीपर्यंतच शिकलेली, पण सर म्हणाले, बोलतेस तसंच बोल. बिरवाडीत कंपनीवाल्यांच्या भाड्याच्या खोल्यांत, पार पोलादपुरापर्यंत आम्ही ऐकू जायचो. आंबेनळीत दरड आली, घाट बंद झाला, तरी लोक आधी आमच्याकडं फोन लावायचे. मग आम्ही गावोगाव जाऊन बायांना बोलतं केलं, त्यांचं बोलणं त्या डबीत भरून ठेवलं. माझ्या आईनं कुळथाची पिठी कशी करायची ते सांगितलं, नि मधीच म्हणाली, "आमच्या मालकांना पिठी लई आवडते, पण चूल फुंका म्हटलं की लगेच खोकला येतो."

पुढं आई गेली. त्यानंतर बाबा दर आठवडी बाजाराला पोलादपूरवरनं एसटीनं यायचे, चपला बाहेर काढून माझ्या शेजारी बसायचे. "लाव गो बाय." खोकल्यापाशी आलं की हसायचे नि म्हणायचे, बघ, अजून मला बोलतेच हाय.

त्या पुराच्या बारीला पाणी रेघ ओलांडून माळ्यावर गेलं. चिखल काढताना डबी सापडली. सरांनी पुण्याला नेऊन दाखवली, आत काय उरलं नव्हतं. दुसरीकडं काढून ठेवलेलं नव्हतंच. सर त्यातच खचले, रेडिओ परत सुरू झाला नाय.

रस्ता मोकळा झाला तसे बाबा आले. गोधड्या नाय, टेबल नाय, नुसत्या ओल्या भिंती. ते दारातच उभे ऱ्हायले. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मशीन दुरुस्तीला दिलंय बाबा."

"मग येईल की," ते म्हणाले. "घाई नाय."

आता ते माझ्या घरी येतात. पोराला मांडीवर घेतात, चहा पितात, मशीनचं कधी विचारत नाय, पण निघताना माझ्याकडं बघत जरा थांबतात. सर म्हणतात, सांगून टाक. नवरा म्हणतो, कशाला, म्हातारा त्या आशेवर तर एसटी चढतो. मला भ्या वाटतं, सांगितलं तर ते यायचेच बंद होतील, नि नाय सांगितलं तर असेच वाट बघत ऱ्हातील. दर बाजाराला मी ठरवते नि दर बाजाराला जीभ उचलत नाय.

तुम्हीच सांगा, कडेवर पोर नि वर चढणारं पाणी, तुम्ही ती डबी कुठं ठेवली असती? नि आता बाबा थांबून बघत असतात तेव्हा तुम्ही काय बोलला असता?