भेगांत जिरलेली दवा

तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली की माणसं एकच प्रश्न विचारतात, खारं का गोड? पुढचं सगळं त्यावर. धर्मपाल हा त्या प्रश्नाचं उत्तर देणारा सरकारी माणूस. अकोल्याच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शिशीत थेंब टाकायचे. लाल रंग लवकर चढला तर पाणी गोड, उशिरा चढला तर खारं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पहिला नोकरदार, त्यामुळे तो गावी आला की म्हातारे खाटेवर सरकून त्याला जागा करून देत. धर्मपालला याचा भारी अभिमान होता. का नसावा?

पण नोकरीआधी तो गावातल्याच जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. जिनात कापसाचे ढीग. ठिणगी पडली की सत्यानाश. म्हणून तिथं यंत्रांच्या मोटारी पेट्रोलनं धूत नसत, न पेटणाऱ्या एका दवेनं धूत. रंग पाण्यासारखा, वास गोडसर, डोकं जड करणारा. धुऊन झाली की काळीकुट्ट दवा भिंतीमागं नेऊन टाकायची, आणि हे काम धर्मपालचं. टाकायची कुठं, हे त्याला कुणी शिकवलं नाही. चैत्रात आपली काळी जमीन अशी फाटते की हातभर काठी आत जाते. नको ते सगळं माणसं तिथंच ओततात आणि जमीन गपकन पिते. धर्मपालनंही तेच केलं. बादली पालथी केली, जमिनीनं गिळली, मामला मिटला.

छप्पन साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली आणि ठरवलं, आता गावच्या विहिरीवर ओंजळ पसरायची नाही. अस्पृश्यता कायद्यातून गेली होती, रहाटावरून गेली नव्हती. वस्तीला विहिरीसाठी जागा मिळाली ती जिनाच्या भिंतीमागं, उताराला. सगळ्यांनी मिळून विहीर खणली. धर्मपाल तोवर अकोल्याला लागला होता. त्यानंच शिशीत थेंब टाकले. लाल रंग झटकन चढला. "गोड!" तो ओरडला, आणि बायांनी त्याच्यावर फुलं उधळली. पहिली घागर त्याच्या आत्यानं, चतुराबाईनं ओढली. हिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. त्या दिवशी भिंतीमागची जागा त्याला आठवलीसुद्धा नाही. खाराच्या मुलखातला माणूस. खार नाही म्हटलं की पाणी पास, दुसरं काही विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

पुढं काही वर्षांनी, आत्याच्या घरी चहाचं आधण उकळत होतं. वाफ धर्मपालच्या नाकात गेली. तोच जिनातल्या दवेचा गोडसर वास. "पाण्याले वास येते का आत्या?"

"येते बाप्पा थोडासा. आमाले तं बरा वाटते. तू काहून असा पांढरा पडला?"

चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं अमरावतीची मोटार धरली. राजापेठेत वामनराव राहत, त्याला काम शिकवणारे जुने केमिस्ट. त्यांना त्यानं दुसऱ्याच गावचं म्हणून सगळं विचारलं.

वामनराव म्हणाले, "शेण मातीत कुजतं ते जंतूंमुळं. ही दवाही ते खात असतील तर उत्तम, पण मला खात्री नाही. पाण्यालाच विचार. त्यात हवा किती, लोह किती, सडक्या अंड्याचा वास येतो का, बघ. हवा संपलेली असेल आणि पाणी घाण मारत असेल, तर खाली जंतू कामाला लागलेत असं धरायला जागा आहे. मग थोडी उसाची मळी ओतून त्यांना खाऊ घालून बघता येईल. तोवर मात्र कुणी घोटभर पिऊ नये."

धर्मपाल गावी परतला आणि आयुष्यात पहिल्यांदा घाण पाण्यासाठी नवस केल्यासारखा विहिरीत डोकावला. नमुने काढले. शिशीत तपकिरी साका बसला, म्हणजे पाण्यात हवा भरपूर. लोह नावाला नाही. वास फक्त दवेचा. पाणी काचेसारखं नितळ होतं आणि तेच वाईट होतं. खाली कुणी काही खात नव्हतं. त्यानं ओतलेलं तिथंच होतं, आणि आत्या ते रोज पीत होती.

विहीर बंद करायला हवी होती. पण सांगायचं काय? जिनातली दवा झिरपली म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ओतत कोण होतं? आपलेच दात अन् आपलेच ओठ. विहारात सगळे जमल्यावर त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "पाण्याले खार चढला. पिऊ नका."

खाराला कुणाचा दोष नसतो.

शेषराव म्हातारे वस्तीतले जाणते. त्यांनी चूळभर पाणी तोंडात घोळवलं. "मले तं नाही लागत गा खारं."

"तुमची जीभ तंबाखूनं मेली," चतुराबाई कडाडली. "आपला पोट्टा शिशीत पाहून सांगते. आपल्याच विहिरीले तो वाईट कायले म्हणन?"

वाद मिटला. विहिरीवर बाभळीचे काटे टाकले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपाल अकोल्याला निघाला तर गावच्या विहिरीवर आत्या दिसली. ओट्याच्या खाली, रिकामी घागर घेऊन, वरून कुणी ओतेल याची वाट पाहत. ओट्यावर गावातली दुर्गाबाई दोर ओढत होती. सावकाश, मुद्दाम.

"काहून वं चतुरे? तुमची सोन्याची विहीर काय झाली?"

"खार चढला बाई," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज जराही पडला नाही. "आमचा धर्मपाल हाये ना तपासाले. तो होता म्हणून वाचलो."

धर्मपाल तिच्याजवळ गेला. खरं बोलला असता तर तिथंच बोलला असता. त्यानं फक्त हात पुढं केला, "दे आत्या ती घागर. मी उभा राहतो."

तिनं घागर छातीशी धरली. "तू नोकं उभा राहू अठी. तू साहेब हायेस. जाय, तुही मोटार चुकन."

तो गेला. मोटार चुकली नाही.